निष्पाप मनुष्यास दुःख कां होतें?

दिनांक ९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्रीं भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. त्या वेळीं तेथें १७ बालकें होतीं. त्यांपैकीं ७ बालकांस वांचवितां आलें, १० दगावलीं. पुढें २४ जानेवारी २०२५ रोजीं जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत स्फोट होऊन ८ कामगार मृत्यु पावले. अशा प्रसंगीं आपल्या जिल्ह्यांत घरोघरीं एकच प्रश्न उठतो: परमेश्वर जर दयाळू आहे व सर्वसमर्थही आहे, तर त्यानें हें होऊं कां दिलें? हा प्रश्न विचारणें अधर्म नव्हे. स्तोत्रकर्त्यांनीं तो विचारला, यिर्मया संदेष्ट्यानें विचारला, आणि ईयोबानें तर तो इतक्या कठोर शब्दांत विचारला कीं त्याचे मित्र घाबरून गेले. तेव्हां विद्यार्थ्यांनींही तो अवश्य विचारावा. मात्र जें पहिलें सोपें उत्तर हातीं येईल तें घेऊन स्वस्थ बसूं नये.

सर्वांत सोपें उत्तर असें कीं, ज्याच्यावर संकट येतें त्याचें कांहीं तरी पाप असलेंच पाहिजे. त्याचें नसेल तर त्याच्या आईबापांचें. हें उत्तर ख्रिस्ती कुटुंबांतही दबक्या आवाजांत बोललें जातें. परंतु प्रभु येशूनें तें स्पष्टपणें नाकारलें आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांध मनुष्याची हकीकत आहे. पाप त्याचें कीं त्याच्या आईबापांचें, असें शिष्य विचारतात. येशू दोघांसही दोषमुक्त करितो व लागलीच त्या मनुष्याचे डोळे बरे करण्याच्या कामास लागतो. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसें मेल्याचा उल्लेख आहे. तीं माणसें यरुशलेमांतील इतरांहून अधिक पापी होतीं काय, हा प्रश्न येशू स्वतःच काढतो व तसें नव्हतें असें सांगतो. ऐकणाऱ्यांस तो पश्चात्ताप करावयास सांगतो, पण मेलेल्यांवर दोष ठेवीत नाहीं. रुग्णालयाच्या दारांत रडणाऱ्या मातेस जो कोणी तिच्या पापाची आठवण देईल, तो ख्रिस्ताचें म्हणणें सांगत नसून ईयोबाच्या मित्रांचें म्हणणें सांगतो. आणि त्या मित्रांवर परमेश्वराचा कोप झाला, असें त्या ग्रंथाच्या शेवटीं लिहिलें आहे.

मग दुःख येतें कोठून? त्याचा फार मोठा भाग मनुष्याच्याच हातून येतो. युद्ध, चोरी, दारूबाजी, अस्पृश्यता यांविषयीं तर वादच नाहीं. परंतु ज्यांस आपण दैवी आपत्ति म्हणतों त्यांतही आपला वांटा असतो. मध्यप्रांतांत १८९६-९७ व पुन्हा १८९९-१९०० सालीं भयंकर दुष्काळ पडले. पाऊस आला नाहीं हें खरें. परंतु त्या काळीं आगगाडी होती, आणि देशांत धान्य मुळींच नव्हतें असेंही नाहीं. ज्याच्या गांठीं पैसा नव्हता त्याच्या चुलीपर्यंत तें पोहोंचलें नाहीं. पाऊस न पडणें ही एक गोष्ट व मनुष्यानें उपाशी मरणें ही दुसरी; दोहोंच्या मध्यें माणसांची निवड उभी असते. रुग्णालयांतील विजेचीं उपकरणें, तारा व देखरेख हींही माणसांचींच कामें होत. परमेश्वरास दोष देण्यापूर्वीं आपला हिशेब तपासणें बरें.

ही निवड तरी त्यानें आम्हांस कां दिली? पवित्र शास्त्राचें सांगणें असें कीं, त्याला दास नव्हे तर लेंकरें पाहिजे होतीं. कळसूत्री बाहुली वांकून नमस्कार करिते, पण तिच्या नमस्कारास कोणी भक्ति म्हणत नाहीं. ज्यास प्रीति करितां येते त्यास द्वेषही करितां आला पाहिजे. एक दार उघडें ठेवून दुसरें बंद करितां येत नाहीं.

पुराची गोष्ट यांत बसत नाहीं, असें कोणी म्हणेल. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला. भंडारा शहरांत पाणी शिरलें, धानाचीं उभीं शेतें बुडालीं. परंतु तीच वैनगंगा आपली जमीन पोसते. पाणी उताराकडे वाहतें या एका नियमावर भरंवसा ठेवून आपल्या कोहळी बांधवांच्या पूर्वजांनीं या मुलुखांत तलाव बांधले व आपल्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा हें नांव मिळवून दिलें. तें पाणी क्षणोक्षणीं आपला स्वभाव बदलूं लागलें असतें, तर पूर आला नसता कदाचित्, पण बांधही कोणी घातला नसता आणि धानही पिकलें नसतें. अग्नीचें तेंच. नियमबद्ध सृष्टींतच मनुष्यास शिकतां येतें, कष्ट करितां येतात व दुसऱ्याच्या उपयोगीं पडतां येतें.

इतकें सांगून झाल्यावरही त्या १० पाळण्यांपुढें हीं सर्व कारणें तोकडीं पडतात. त्या बालकांनीं कोणतीच निवड केली नव्हती. येथें जो उपदेशक फार बोलतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत हेरोदानें बेथलेहेमांतील बालकांचा वध केल्याचें वर्णन आहे, आणि तेथें सुवार्तिक कारण देत बसत नाहीं. आपल्या लेंकरांसाठीं रडणारी व सांत्वन न घेणारी राहेल तेवढी तो आपणांपुढें उभी करितो. ईयोबासही शेवटपर्यंत कारण कळलें नाहीं. त्यास परमेश्वर स्वतः भेटला. ख्रिस्ती धर्माचें उत्तर याच दिशेनें जातें. देव दूर बसून दुःखाचा खुलासा पाठवीत नाहीं, तर मनुष्य होऊन त्या दुःखांत उतरतो. लाजराच्या कबरेपाशीं, त्यास आतां उठवावयाचें आहे हें ठाऊक असतांही, येशू रडला. वधस्तंभावर त्यानें स्वतः कां असें विचारिलें, व त्या घटकेस त्यालाही आकाशांतून उत्तर आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं कबर रिकामी झाली, यावर आमची आशा उभी आहे.

दुःखांतून चांगलें निष्पन्न होतें, असें आपण वारंवार ऐकतों. तें खरें आहे. पण तें जपून बोलावें. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले व ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून वारले. वीस वर्षांनीं त्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरांत निघालें. परंतु कॉलेज निघालें म्हणून तें मरण योग्य ठरलें, असें त्यांच्या विधवा पत्नीस कोणीं सांगितलें असतें तर तें क्रौर्यच झालें असतें. परमेश्वर वाइटांतून चांगलें घडवूं शकतो. त्यासाठीं वाइटास चांगलें म्हणावें लागत नाहीं.

या बाबतींत पंडिता रमाबाईंएवढा अधिकार थोड्यांचाच. १८७० नंतरच्या दशकांत, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई व बहीण हीं एकामागून एक गेलीं. १८८० मध्यें भाऊ गेला. १८८२ मध्यें, लग्नास दोन वर्षें होण्यापूर्वींच, पति पटकीनें वारले व तान्ही मनोरमा पदरांत राहिली. पुढल्या सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८९६ चा दुष्काळ मध्यप्रांतांत पसरला तेव्हां आपल्या तरुणपणची भूक त्यांस आठवली. देवानें दुष्काळ कां पाठविला यावर निबंध न लिहितां त्या स्वतः या प्रांतांत आल्या, रस्त्यांवरील व आश्रयगृहांतील निराधार मुली व बालविधवा गोळा केल्या आणि त्यांस आपल्याबरोबर नेलें. केडगांवच्या मुक्तिसदनांत अशा शेंकडों मुली राहिल्या, लिहावयास व हातानें काम करावयास शिकल्या.

म्हातारपणीं त्या संपूर्ण पवित्र शास्त्राचें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. जुलै १९२१ मध्यें एकुलती एक मनोरमा वारली. रमाबाईंनीं काम थांबविलें नाहीं. भाषांतर पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवीं त्यांनीं देह ठेविला.