गर्दी मैदानात, हौद्यात कोण?

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा डोंगर माणसांनी झाकून जातो. सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची मानाची पहिली सासनकाठी निघते आणि तिच्यामागून गावोगावच्या काठ्या जोतिबाच्या दारात येतात. तीस-चाळीस फुटांची काठी उभी तोलायची, हलगीच्या ठेक्यावर नाचवायची आणि चारी बाजूंनी दोर ओढून तिचा झोल सांभाळायचा. हे काम अंगात रग असलेल्या पोरांचं. आमच्या भागात ते आपसूक तालमीतल्या पोरांकडं जायचं.

यात्रा उरकली की गावच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात ज्यांचं ग्रामदैवत जोतिबा आहे अशी गावं कितीतरी. पहिल्या दिवशी पालखी आणि नैवेद्य, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या, असा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता. म्हणून कुस्तीची लोकप्रियता ओसरते आहे का, हा गेली काही वर्षं वारंवार कानावर येणारा प्रश्न याच मुलखात नीट तपासून पाहावा असं मला वाटतं.

जत्रेच्या मैदानावर उभं राहिलात तर उत्तर सोपं आहे. ऊन कलायच्या आत माणसं जागा धरून बसतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शाळेची कौलं भरतात, झाडांवर पोरं चढतात. सुरुवात लहानग्यांच्या कुस्त्यांनी होते. पूर्वी या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर व्हायच्या, आता शंभराची नोट हातावर ठेवतात. मग जोड लागतात. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांद्याला खांदा लावून पाहतात, मानेवरून हात फिरवतात. एखाद्याचा वस्ताद गर्दीतूनच ओरडतो, ‘जोड न्हाई जमत, वजनाला भारी हाय!’ तोडगा निघतो, पोरं मातीला हात लावून कपाळाला लावतात, शड्डू घुमतो. हलगी आणि घुमक्याचा ताल कुस्तीसोबत चढत जातो. कोथळीच्या शंकर पुजारींसारखा निवेदक असला तर प्रत्येक पैलवानाचं गाव, वस्ताद, तालीम आणि घराणं कळतं, आणि ज्याला डाव ओळखता येत नाही त्यालाही घिस्सा कुठला आणि ढाक कुठली ते उमगतं. शेवटच्या कुस्तीला लाखांचं इनाम असतं, चांदीची गदा असते, कधी पंजाब-हरियाणाचा, तर कधी थेट इराणचा मल्ल असतो. वारणानगरला डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनानिमित्त भरणारं मैदान किंवा सांगली जिल्ह्यातलं कुंडलचं मैदान ज्यानं पाहिलंय, त्याला कुस्तीचे प्रेक्षक घटले हे कोणी सांगून पटणार नाही.

मोबाईलनं तर प्रेक्षक वाढवलाच. गावच्या मैदानाचं थेट प्रक्षेपण आता दुबईत बसलेला पोरगाही पाहतो. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखवर टाकलेल्या टांगेचे गुण बरोबर दिले की चूक, यावर महाराष्ट्र कित्येक दिवस भांडत होता. चहाच्या गाड्यावर माणसं ती चित्रफीत थांबवून थांबवून पाहायची आणि खांदा टेकला की नाही याचा निवाडा करायची. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणादा पैलवान होता आणि ती मालिका घराघरात चालली. २०१८ मध्ये महाराष्ट्राची स्वतःची कुस्तीची व्यावसायिक लीगही टीव्हीवर आली.

हे सगळं खरं आहे. तरीही मी काळजीत आहे, आणि त्या काळजीचं कारण मैदानावर दिसत नाही. ते पहाटे तालमीत दिसतं.

कोल्हापूरच्या जुन्या पेठेतल्या तालमीत पहाटे जाऊन पाहा. मारुतीपुढं दिवा, भिंतीवर जुन्या मल्लांच्या तसबिरी, मध्ये हौदा. लाल मातीत हळद, तेल, ताक, लिंबाचा रस, कापूर मिसळून ती खोऱ्यानं उकरलेली. पोरं जोर-बैठका मारतात, मग लढती. आता या पोरांना गाव विचारा. कुणी सोलापूरकडचा, कुणी बीड-लातूरचा, कुणी नगरचा. गंगावेश तालमीनं घडवलेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झालेला सिकंदर शेख हा मोहोळचा. कोल्हापूरची माती आजही राज्यभरातल्या पोरांना खेचून आणते, याचा मला अभिमान आहे. पण त्याच पेठेतला, तालमीच्या भिंतीला भिंत लावून राहणारा मुलगा त्या हौद्यात क्वचित दिसतो.

तो कुठं गेला, याचं उत्तर शाहू स्टेडियमवर मिळतं. हंगामात तिथं पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ यांचे सामने असतात. हे सगळे फुटबॉलचे संघ आहेत. नावात तालीम राहिली आणि पोरगा मातीतून उठून हिरवळीवर गेला. कोल्हापूरचा फुटबॉलही जुना आहे, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. तेव्हा फुटबॉलनं कुस्ती खाल्ली असा आरोप मी करणार नाही. पेठेच्या इभ्रतीसाठी अंग झोकून द्यायची या शहराची जुनी खोड आहे, आणि शहरापुरती ती आता फुटबॉलमधून भागते. एक जोडी बूट आणि संध्याकाळचे दोन तास दिले की पोरगा संघात येतो. पैलवानाला मात्र अख्खं घर लागतं.

घर लागतं म्हणजे काय, तर खुराकाचा हिशेब मांडून बघा. पैलवान पोराला दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध म्हणजे काही फार नव्हे. कोल्हापुरात ते लिटरला सत्तर रुपयांच्या घरात आहे. महिन्याचे नुसते दुधाचे चार हजार रुपये झाले. थंडाईसाठी रोज शंभर ग्रॅम बदाम धरले तर महिन्याला तीन किलो, म्हणजे आणखी अडीच हजारांच्या आसपास. त्यावर तूप, अंडी, मटण, फळं, तालमीत राहण्याचा खर्च, आणि कधी खांदा निखळला किंवा गुडघा गेला तर दवाखाना. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही रात्री म्हैस समोर पिळून फेसाळ, धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. तो पेला पर्यटकाला मजा वाटते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला तोच पेला रोज, आठ-दहा वर्षं, एका मुलासाठी भरायचा असतो, आणि एवढं करून पोरगा केसरी होईल याची खात्री कुणी देत नाही.

पूर्वी हा भार एकट्या घरावर नव्हता. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्ती खेळलेले. त्यांनी मल्लांना आश्रय दिला, खुराक दिला, पंजाबचे नामांकित पैलवान कोल्हापुरात आणले. १९०२ मध्ये ते युरोपला गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून आले आणि त्या धर्तीवर १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. आखाडा मध्ये आणि प्रेक्षक चहूबाजूंनी चढत्या उतरणीवर, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पाठ टेकलेली दिसते. संस्थान गेलं तशी जबाबदारी सहकारी साखर कारखान्यांनी काही प्रमाणात उचलली, त्यांनी मल्लांना मानधन दिलं. मुंबईच्या गिरण्यांतला गावकरी जत्रेला येताना वर्गणी आणायचा, गिरणगावातल्या तालमीत गावाकडच्या पोराला ठेवून घ्यायचा. १९८२ च्या संपानंतर तोही आधार तुटला. आता आधार कुणाचा, तर निवडणुकीच्या तोंडावर मैदान भरवणाऱ्या पुढाऱ्याचा. त्याचा पैसा मैदानाला मिळतो, तालमीपर्यंत फारसा झिरपत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. ती नीट ऐकली तर त्यातही पैशाचाच पेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक आलं, शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. ते २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलीवर मिळवलं. पदक याच जिल्ह्यात आलं, पण कुस्तीच्या वाट्याला आलं नाही. मिरवणुकीतल्या बैलगाड्या मोजणाऱ्या गावानं गहाण पडलेल्या घराचाही हिशेब ठेवायला हवा होता.

असा पेच फक्त आपलाच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये मुष्टियुद्धाबद्दल हाच वाद चालतो. १९८५ मध्ये बॅरी मॅकगिगननं युसेबिओ पेड्रोझाला हरवलं ती लढत बीबीसीवर जवळजवळ दोन कोटी लोकांनी घरबसल्या, फुकट पाहिली होती. पुढं मोठ्या लढती पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांवर गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जोशुआ आणि ड्युबॉ यांच्या लढतीला वेम्बली स्टेडियम नव्वद हजारांवर माणसांनी भरलं होतं. स्टेडियममधली गर्दी मोजणारा म्हणतो मुष्टियुद्ध जोरात आहे. ज्या घरात पूर्वी आजीलाही मुष्टियोद्ध्याचं नाव ठाऊक असायचं, तिथं आता ते नसतं, हे त्याला दिसत नाही. आपल्याकडं उलटं घडलंय. कुस्ती पाहणं आजही फुकट आहे, जत्रेत आणि मोबाईलवरही. महाग झालंय ते कुस्ती खेळणं. त्यामुळं ब्रिटनमध्ये प्रेक्षकाच्या घरातून खेळ उठला, आपल्याकडं खेळाडूच्या घरातून उठतोय. माझ्या मते आपलं दुखणं जास्त गंभीर आहे, कारण ते गर्दीखाली झाकलेलं राहतं.

जुन्या वस्तादांचं जाणंही गेल्या काही वर्षांतच झालं. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर २०१८ मध्ये गेले, रुस्तुम-ए-हिंद दादू चौगुले २०१९ मध्ये, आणि १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे २०२० मध्ये. आंदळकरांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदकं जिंकली होती, चौगुल्यांनी १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. ही माणसं निवृत्तीनंतर हौद्याच्या कडेला बसून राहिली, पोरांच्या चुका दाखवत राहिली. अशा माणसाच्या नजरेखाली आपला मुलगा आहे, हा बापाला मोठा धीर असायचा. लागोपाठच्या तीन वर्षांत तीन धीर गेले आणि त्याच सुमारास कोरोनानं मैदानं दोन वर्षं बंद पाडली. जत्रेच्या इनामावर वर्षाचा खुराक भागवणारी कितीतरी पोरं त्या काळात गावी परतली ती शेतात नाहीतर एमआयडीसीत लागली.

आशेच्या जागा आहेत, आणि त्यातली एक जोतिबाच्या पन्हाळा तालुक्यातलीच आहे. देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटीलनं एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात विशाल बनकरला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा कोल्हापूरला आणली. त्याआधी ती २००० मध्ये दादू चौगुल्यांचे चिरंजीव विनोद यांनी आणली होती. ज्या जिल्ह्याला कुस्तीची पंढरी म्हणतात त्याला मधली दोन दशकं गदेविना काढावी लागली. पृथ्वीराज त्याआधी कनिष्ठ जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून आला होता, आणि पुण्यातल्या लष्कराच्या क्रीडा संस्थेत मॅटवर तयार झाला होता. तिथं खुराकाची चिंता घराला नसते. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे यांना पोलीस उपअधीक्षकपद मिळालं, त्याचाही परिणाम दिसतो. पोराला तालमीत धाडावं की नको, अशा दुविधेत असलेला बाप आज सगळ्यात आधी नोकरीचंच विचारतो. त्यात वावगं काही नाही.

दुसरी आशा मुलींची. माझ्या लहानपणी बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही असा दंडक होता. आज मुरगूडच्या नंदिनी साळोखे, वडणग्याच्या रेश्मा माने ही नावं जिल्ह्यात कौतुकानं घेतली जातात. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. मुलीला कुस्तीला घालणारा बाप गावाची बोलणी खाऊनच घालतो, म्हणून त्या घराचा निर्धार पक्का असतो असं मी पाहिलंय. हौदा नाहीतर मॅट, उद्या तिथं टिकाव धरायचा तर या मुलींना वगळून जमणार नाही.

राहता राहिला जत्रेच्या पैशाचा मामला. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली, तेव्हापासून वर्गणीतला मोठा वाटा तिकडं जातो. कुस्तीला जे उरतं त्यातलं निम्म्याहून जास्त शेवटी होणाऱ्या पहिल्या-दुसऱ्या नंबरच्या जोडींवर खर्च होतं, कारण फ्लेक्सवर परप्रांतीय मल्लाचा फोटो लागतो आणि गर्दी त्याच्यासाठी येते असं यात्रा कमिटीला वाटतं. ती कुस्ती पुष्कळदा वीस-पंचवीस मिनिटं नुसती मानेला मान लावून बरोबरीत सुटते. त्याआधी आजूबाजूच्या गावांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी पाच पाच मिनिटांत निकाली कुस्त्या केलेल्या असतात, आणि ती पाचशे रुपये मुठीत धरून एसटीच्या थांब्यावर निघालेली असतात. जोतिबाच्या नावानं वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक गावाला माझं हात जोडून सांगणं आहे की पहिल्या नंबरच्या इनामातला एक तृतीयांश भाग काढून पंचक्रोशीतल्या चार पोरांच्या आणि एका पोरीच्या वर्षभराच्या दुधाला लावा. दिवसाला दोन लिटर धरले तर एका मुलाचे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास होतात. मोठ्या मैदानाच्या एकाच कुस्तीवर याच्या कितीतरी पट रक्कम उधळली जाते, आणि ती रक्कम माघारी आपल्या हौद्यात कधीच येत नाही.