मधपेटीतला व्हरोवा: आधी मोजा, मग उपाय करा



मध काढून झाला की आपलं पेट्यांकडे लक्ष कमी होतं. नेमक्या त्याच काळात एक छोटा कोळी आपलं भांडवल पोखरत असतो. त्याचं नाव व्हरोवा. जेमतेम दीड मिलिमीटर रुंद, तांबूस तपकिरी. तो माशीच्या शरीरावर जगतो, पिल्लांच्या बंद घरात वाढतो आणि पंख वाकडे करणारा विषाणू पसरवतो. पेटी कमजोर झाली की पुढच्या हंगामाचा मध गेलाच, वर नवी वसाहत विकत घ्यायचा खर्च.

आपली सातेरी माशी या कोळ्याशी पूर्वीपासून झुंजत आली आहे, ती त्याला बऱ्यापैकी आवरते. मेलीफेराला ते तितकं जमत नाही. म्हणून मेलीफेरावाल्यांनी हे नीट वाचा.

पायरी १: मोजणी

पिल्लांच्या फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या. राणी त्यात नाही ना, हे आधी बघा. दोन चमचे पिठीसाखर टाका, बरणी मिनिटभर हळू फिरवा, दोन मिनिटं थांबा. मग पाणी घातलेल्या पांढऱ्या ताटलीवर बरणी उलटी करून झटका. साखर विरघळते, कोळी दिसतात. माश्या परत पेटीत सोडा. ९ कोळी म्हणजे १०० माश्यांमागे ३. इतके दिसले की उपाय लगेच सुरू करायचा.

पायरी २: बिनखर्चाचा उपाय

कोळ्याला नराची घरं जास्त आवडतात, कारण ती जास्त दिवस बंद राहतात. नर वाढतात त्या काळात मधकोठीची लहान फ्रेम शिशुकोठीत ठेवा. खालच्या मोकळ्या जागेत माश्या बहुधा नराचीच घरं बांधतात. घरं बंद झाली की तो भाग कापून काढा. नर अंड्यापासून २४ दिवसांत बाहेर येतो. त्याआधी कापलं नाही, तर कोळी तुम्हीच पाळले म्हणून समजा!

पायरी ३: नैसर्गिक औषधं

थायमॉल हा ओव्याच्या तेलातला मुख्य घटक. फॉर्मिक आम्ल मुंग्यांमध्येही असतं. त्याची वाफ बंद घरातल्या कोळ्यापर्यंत पोचते. ऑक्झॅलिक आम्ल मात्र माशीच्या अंगावरच्याच कोळ्यांवर चालतं, त्यामुळे पेटीत बंद पिल्लं नसताना ते जास्त उपयोगी. नुसती पिठीसाखर भुरभुरवून काम भागत नाही, कारण बंद घरातले कोळी सुखरूप राहतात.

पण लक्षात घ्या, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ही आम्लं कातडी आणि डोळे भाजतात. हातमोजे, चष्मा हवाच. कडक उन्हात फॉर्मिकची वाफ वाढून राणी दगावू शकते. मधकोठी लावलेली असताना थायमॉल वापरलं तर मधाला वास लागतो, मग गिऱ्हाईक परत येत नाही. मात्रा अंदाजाने ठरवू नका. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

उपायानंतर पुन्हा मोजा. आकडा उतरला तरच उपाय लागू पडला.

या रविवारी तीन पेट्या तपासा, पेटी नंबर, तारीख आणि आकडा वहीत लिहा. दुकानदार गल्ला मोजतो, तसे आपण कोळी मोजायचे. भेटू पुढच्या व्हिडिओत!