पाण्याचा आग्रह : भुसावळच्या उन्हाळ्यातील वृद्ध पाहुणा

भुसावळ हे रेल्वेने वाढवलेले गाव असल्यामुळे येथील घरांत वृद्ध पाहुण्याचे येणे-जाणे बहुधा गाडीच्या वेळेला बांधलेले असते. मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे दुभंगून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा खंडवा-इटारसीकडे जातो, आणि या मार्गांवर विखुरलेले निवृत्त रेल्वे कर्मचारी पासावर, म्हणजे निवृत्तीनंतरही ठरावीक फेऱ्यांसाठी मिळणाऱ्या विनामूल्य प्रवासाच्या परवान्यावर, नातलगांकडे येतात. यावल-रावेरकडच्या खेड्यांतून येणाऱ्यांना एस.टी. सोयीची पडते, कारण ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना तिच्यात तिकीट लागत नाही. येण्याचा मोसम मात्र म्हाताऱ्या शरीराच्या दृष्टीने सर्वांत वाईट निवडला गेला आहे. अक्षय तृतीया, जिला खानदेशात आखाजी म्हणतात, हा सासुरवाशिणींनी माहेरी येण्याचा सण. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचे ते याच दिवशी. आणि भुसावळचा पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो तोही याच सुमाराच्या आगेमागे.

आखाजीला येणारी माहेरवाशीण पंचाहत्तरीची असू शकते, हे सणाच्या वर्णनांत सहसा येत नाही. आत्याला या भागात फुई म्हणतात. फुईचे आईवडील गेलेले असतात, भाऊही बहुधा गेलेला असतो, आणि माहेर म्हणून जे घर उरते ते भाच्याचे, म्हणजे व्यवहारात भाचेसुनेचे असते. मानाने ती घरची लेक आणि प्रत्यक्षात जवळजवळ अनोळखी घरातली पाहुणी, अशा दुहेरी अवघडलेपणात ती उंबरा ओलांडते, आणि विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘मले काई नको, माय’ असे एकच उत्तर देते. या ‘नको’चा अर्थ लावणे हे यजमानपणाचे खरे काम होय, स्वयंपाक त्यामानाने सोपा.

खानदेशी पाहुणचाराचा कणा आग्रह हा आहे. आमरसाची वाटी रिकामी दिसली की ती भरायची, पुरणपोळीवर तुपाची धार सोडायची, हात आडवा आला तरी वाढायचे, ही रीत तरुण पोटांसाठी ठीक. मधुमेह, रक्तदाब आणि कवळी घेऊन आलेल्या पाहुण्यावर ती चालवणे म्हणजे प्रेमाने केलेला छळ होय. अशा पाहुण्याला रात्री मऊ खिचडी किंवा वरणात चुरलेली कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, पुरते. आग्रह करायचाच, तर तो पाण्याचा करावा.

वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. शरीरातले पाणी कमी झाले तरी घशाला कोरड पडल्याचे लवकर कळत नाही, घामही पूर्वीसारखा सुटत नाही, आणि अशा शरीराला ऊन बाधते ते घरात बसल्याबसल्यासुद्धा. पण फुई पाणी पीत नाही याचे हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे असे की परक्या घरात रात्री उठावे लागू नये म्हणून ती संध्याकाळपासून मुद्दाम पाणी तोडते. म्हणून पाण्याचा आग्रह माठापासून नव्हे, संडासापासून सुरू करावा लागतो.

ही तयारी पाहुणी आल्या दिवशी, उजेड असतानाच करावी लागते. तिला खाटेपासून मोरीपर्यंत एकदा चालवून आणले की ती काय करते, हे पाहण्यासारखे असते: एक हात भिंतीवरून सरकत जातो, दिव्याचे बटण बोटांनी चाचपले जाते, उंबरठ्याशी पाऊल क्षणभर थबकते, आणि परतताना तीच वाट ती किंचित वेगाने चालते. तेवढ्या वेळात रात्रीचा नकाशा तयार झालेला असतो, आणि त्यानंतर त्या वाटेवर स्टूल, चपला किंवा कुलरची वायर आणून ठेवणे हा गुन्हा समजावा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या गावात मोरीत भरलेली पिंपे आणि बादल्या दाटीने उभ्या असतात. त्यांतली निदान दाराजवळची हलवावी, ओली फरशी पुसून घ्यावी, भारतीय पद्धतीच्या संडासात गुडघे वाकत नसतील तर कमोडची खुर्ची चार दिवसांसाठी भाड्याने आणावी, आणि आतून कडी लावू नये असे पाहुणीला स्पष्ट सांगावे. शेवटची सूचना सांगताना संकोच वाटतो, पण आत पडलेल्या माणसापर्यंत पोचायला दार तोडावे लागणे त्याहून वाईट.

कुलरबाबत दोन टोकांच्या चुका होतात. कोरड्या हवेत वाळ्याच्या तट्ट्यांतून येणारा गार झोत यजमानाला सुखाचा वाटतो म्हणून खाट नेमकी त्याच्यासमोर टाकली जाते, आणि पहाटे पाहुणीचे सांधे आखडलेले असतात. किंवा तिने ‘नको’ म्हटले म्हणून कुलर बंद ठेवून तिला तापलेल्या स्लॅबखाली झोपवले जाते. खाट झोताच्या बाजूला, खिडकी थोडी उघडी आणि पायथ्याशी चादर, ही मधली वाट बहुतेकांना मानवते.

औषधे कापडी पिशवीत येतात आणि तिथे वेगळाच गोंधळ असतो. गोळ्यांची पट्टी नेमकी नाव असलेल्या बाजूने फाडलेली, डॉक्टरांचा कागद घडीवर विरलेला, आणि पाहुणीला गोळी ठाऊक ती रंगाने. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि त्यातच पाहावे की लघवी वाढवणारी गोळी सकाळची आहे की नाही. ती चुकून रात्री दिली गेली तर वरची सगळी व्यवस्था कोलमडते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले असेल तर पाण्याचा आग्रहही त्या मापातच राहावा. इन्सुलिनची वापरात असलेली बाटली बाहेर चालते हे खरे, पण ती सवलत साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतची असते, भुसावळच्या वैशाखातली नव्हे. तिची जागा फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, आणि गेलेली वीज येणे लांबले तर ओल्या मडक्यात.

एवढे झाले की पाहुणीला काम द्यावे. लसूण सोलणे, कैऱ्यांवर नजर टाकून लोणच्याच्या कोणत्या आणि पन्ह्याच्या कोणत्या ते सांगणे, घागरीची मांडणी चुकली तर ती सुधारणे, यांत तिचा अधिकार चालतो, आणि दुसऱ्या दुपारी ती स्वतः उठून माठातले पाणी घेते तेव्हा ‘मले काई नको’ हे पालुपद संपलेले असते.

परतीच्या गाडीला निघताना उशीखाली चष्मा आणि मोरीत कवळीची डबी शोधली जाते, पण फ्रिजच्या दारातले इन्सुलिन कोणालाच आठवत नाही. त्यासाठी आदल्या रात्रीच पाहुणीच्या पिशवीच्या बंदाला एक चिठ्ठी बांधून ठेवावी.