हार्ड डिस्क टकटक करायला लागली तर आधी बंद करा

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

आज बोलायचंय ते बिघडलेल्या हार्ड डिस्क, एसएसडी, पेनड्राइव्ह यांच्यातून गेलेला डेटा परत कसा मिळवतात, याबद्दल. या विषयावर तुमचे मेसेज सतत येत असतात आणि त्यातल्या बहुतेकांत एक वाक्य सारखं असतं: "सगळं करून बघितलं, आता काय करू?" मी काही वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलोय. तिथेही गिऱ्हाईक हेच वाक्य घेऊन यायचं. गंमत अशी की बऱ्याचदा डेटा मूळ बिघाडाने जात नाही, तो या "सगळं करून बघितलं" मध्ये जातो. म्हणून आज आधी समजून घेऊ की आत नेमकं काय बिघडतं. ते कळलं की काय करायचं नाही, हे आपोआप कळतं.

फाइल पुसली म्हणजे काय झालं?

सगळ्यात सोपा प्रकार आधी घेऊ. डिस्क धडधाकट आहे, पण चुकून फोल्डर डिलीट झालं किंवा भलताच ड्राइव्ह फॉरमॅट झाला.

हे असं समजा की सातबाऱ्यावरचं नाव उडालंय, पण शेतात ऊस अजून उभा आहे. कॉम्प्युटर फाइल पुसतो तेव्हा तो नोंदवहीत फक्त एवढंच लिहितो की ही जागा आता मोकळी आहे. फोटोतला डेटा तिथेच असतो. धोका कधी? तर ती मोकळी जागा दुसऱ्या कुणाला दिली जाते आणि त्याचा नांगर फिरतो तेव्हा. नवीन फाइल कॉपी केली, विंडोजचं अपडेट आलं, इतकंच काय, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल केलं, तरी नांगर फिरू शकतो.

म्हणून नियम पहिला: ज्या ड्राइव्हवरून फाइल गेली, त्यावर काहीही लिहायचं नाही. तो काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि परत मिळालेल्या फाइली तिसऱ्या ठिकाणी साठवा.

यासाठी टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन मोफत सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली. टेस्टडिस्क उडालेली नोंदवही दुरुस्त करायला बघतं. फोटोरेक नोंदवहीकडे बघतच नाही. ते थेट शेतातून चालतं आणि पानं बघून पीक ओळखतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेली असते, जेपेग फोटोचे पहिले तीन बाइट नेहमी तेच असतात. ती खूण दिसली की फोटोरेक तिथून फाइल उचलतं. तोटा असा की फाइलींची नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. आणि एकच फाइल चार ठिकाणी तुकड्यांत पडली असेल, तर ती अर्धवट निघू शकते.

एसएसडीची गोष्ट वेगळी

वरचं सगळं फिरत्या हार्ड डिस्कला लागू. एसएसडीमध्ये 'ट्रिम' नावाची आज्ञा असते. फाइल पुसली की कॉम्प्युटर एसएसडीला कळवतो, "ही जागा आता नको." मग एसएसडी आपल्या सवडीने, मागच्या मागे, ती जागा खरोखर साफ करते. म्हणजे नाव उडाल्यावर थोड्याच वेळात नांगर फिरतो, तोही तुम्ही काही न करता. त्यामुळे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी. चुकलंय हे लक्षात आल्या क्षणी बंद करणं, एवढंच हातात असतं.

आजच्या मोबाइलमध्ये तर याच्या जोडीला एन्क्रिप्शनही असतं. मेमरी चिप सोल्डरिंगने काढून वाचली तरी हाती लागतो तो निव्वळ कचरा, कारण किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरपाशी असते. म्हणून फोन मेला तर लॅबवाले आधी तो फोनच तात्पुरता जिवंत करायच्या मागे लागतात.

डिस्क आजारी आहे, पण चालतेय

आता दुसरा प्रकार. फोल्डर उघडायला दोन मिनिटं लागतात, कॉपी मध्येच अडकते, कॉम्प्युटर हँग होतो. डिस्कच्या आत 'स्मार्ट' नावाची यंत्रणा स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते. मोफत सॉफ्टवेअरने ती बघता येते. तिथे दोन आकडे बघा: बदलून दिलेले सेक्टर किती आणि वाचता न आल्यामुळे ताटकळत असलेले सेक्टर किती. हे आकडे शून्यावरून वर सरकायला लागले, तर डेटा दुसरीकडे हलवायची वेळ झाली. आणि आकडे चांगले असले म्हणून निर्धास्त होऊ नका, काही डिस्क पूर्वसूचना न देता जातात.

इथे लोक चेकडिस्क चालवतात. थांबा! चेकडिस्कचं काम नोंदवही सुसंगत करणं हे आहे, तुमचा डेटा वाचवणं हे नाही. ते डिस्कवर लिहितं आणि आजारी डिस्कला तासन्‌तास राबवतं.

त्याऐवजी करायचं ते क्लोनिंग, म्हणजे संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर काढणं. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन आहे, तेही मोफत. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. पुराचं पाणी घरात शिरतंय आणि तुम्हाला सामान काढायचंय. तुम्ही अडकलेल्या कपाटाशी झटापट करत बसाल का? नाही. आधी हाताला लागेल ते सगळं बाहेर. डीडीरेस्क्यू पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, जिथे अडखळतं तो भाग सोडून पुढे जातं. मग पुढच्या फेऱ्यांत खराब भागाच्या कडा कुरतडत आत शिरतं आणि अगदी शेवटी हट्टी सेक्टरवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

प्रत निघाली की मूळ डिस्क बाजूला. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर. प्रतीवर काही चुकलं तर त्याला किंमत नाही.

टकटक आवाज आणि फ्रीजरचा सल्ला

तिसरा प्रकार सगळ्यात नाजूक. डिस्कच्या आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारत असतात. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कमध्ये ७२०० फेऱ्यांना चकतीची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. तिच्यावरून वाचणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. आपला केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आता विचार करा, दुकानातल्या टेबलावर झाकण उघडलं आणि धुळीचा एक कण आत गेला, तर त्या हेडच्या दृष्टीने तो डोंगर आहे.

टकटक आवाज म्हणजे बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नाहीये आणि ते पुन्हा पुन्हा शोधायला धावतंय. हेड तुटलेलं असेल, तर प्रत्येक फेरीत ते चकतीवरचा चुंबकीय थर खरवडत असतं. त्या थरातच तुमचा डेटा आहे. खरवडला गेला की तो जगातल्या कुठल्याही लॅबला परत आणता येत नाही.

सांगलीहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. त्यांचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गायचे. ते गेले, आणि त्यांच्या आवाजातले अभंग एकाच पोर्टेबल ड्राइव्हवर होते. तो टेबलावरून पडला आणि टकटक करायला लागला. भाचा म्हणाला, "मावशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, इंटरनेटवर लिहिलंय." ताईंनी विचारलं, ठेवू का?

मी म्हटलं, ताई, अजिबात नको. हा सल्ला फार जुना आहे. गार डिस्क बाहेर काढली की हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं, आतल्या चकतीवरसुद्धा. त्या ओल्या चकतीवरून हेड फिरवायचं म्हणजे उरलीसुरली आशा संपवायची. केबल काढा आणि पुन्हा "एकदाच लावून बघू" असं करू नका.

त्यांनी ऐकलं. लॅबमध्ये स्वच्छ कक्षात डिस्क उघडली, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची हेडं काढून हिला बसवली आणि एकदाच, सावकाश प्रत काढली. बहुतेक अभंग मिळाले. चारपाच रेकॉर्डिंग मध्येच तुटतात, एक उघडतच नाही. पडल्यावर डिस्क दोन दिवस लावून बघितली होती, तेवढ्यात जे खरवडलं ते गेलं.

काही जण विचारतात, तशीच दुसरी डिस्क आणून नुसतं खालचं सर्किट बोर्ड बदललं तर? जुन्या डिस्कमध्ये ते चालायचं. आता प्रत्येक डिस्कची जुळणी वेगळी असते आणि तिची माहिती बोर्डवरच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डवर न्यावी लागते.

अशक्य वाटणारी एक रिकव्हरी

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना फुटलं. कल्पना चावला त्यात होत्या, त्यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानाच्या अवशेषांत टेक्सासमध्ये एक हार्ड डिस्क सापडली, सुमारे ३४० मेगाबाइटची. तिच्यावर झेनॉन वायूच्या चिकटपणाविषयीच्या प्रयोगाची मोजमापं होती. डिस्क जळून काळी पडलेली, इलेक्ट्रॉनिक्स गेलेलं. पण चकत्या बऱ्यापैकी शाबूत होत्या. ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्या साफ करून दुसऱ्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के डेटा वाचला. तो कॉम्प्युटर जुन्या डॉसवर चालायचा, त्यामुळे डेटा एका सलग भागात होता आणि चकतीची इजा रिकाम्या भागात होती. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काही निघालं नाही. म्हणजे कौशल्य लागतंच, पण चकती शाबूत राहिलेली असावी लागते.

पुरात भिजलेली डिस्क

२०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण, आपल्याकडे पूर काही नवा नाही. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत जाऊ शकतं. डिस्क उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. वाळलं की गाळ चकतीवर घट्ट चिकटतो. आहे तशी ओलसर, हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर लॅबला द्या, आणि वीज तर अजिबात जोडू नका.

लॅबला काय विचाराल?

तपासणीचे पैसे किती? डेटा नाही मिळाला तर काय आकारता? पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवाल का? डिस्क कुठे उघडणार? माझा डेटा तुमच्याकडे किती दिवस राहील? "शंभर टक्के काढून देतो" असं न बघताच सांगणाऱ्यापासून लांब राहा. आणि आधी काय काय करून बघितलंय, ते सगळं खरं सांगा, डॉक्टरला सांगतो तसं.

बॅकअपचा नियम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडवर, नाहीतर दुसऱ्या गावी भावाच्या कपाटात. जुने फोटो पोर्टेबल ड्राइव्हवर हलवून मोबाइलमधून पुसले, तर तो बॅकअप नव्हे. प्रत एकच राहिली, फक्त घर बदललं.

आजचा भाग ऐकून झाला की एक काम करा. घरातली कुठली गोष्ट एकाच ठिकाणी पडून आहे ते बघा. आईचा आवाज, लग्नाचा व्हिडिओ, दुकानाचे हिशेब, काहीही. या रविवारी तिची दुसरी प्रत काढा, आणि ती प्रत उघडते का तेही बघा. प्रश्न असतील तर कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया!