एका थेंबाचे पाचशे थेंब

आमच्या घरी फ्रीजच्या दारात अम्मींच्या इन्सुलिनची दुधाळ बाटली असते. टोचून घेण्याआधी अम्मी ती दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू फिरवतात. धाकट्याने एकदा सरबताच्या बाटलीसारखी ती खळाखळा हलवली आणि बोलणी खाल्ली. "पण का नाही हलवायची?" असे त्याने विचारले तेव्हा आम्हालाही नीट सांगता येईना. शिक्षकाच्या घरात हे बरे दिसत नाही, म्हणून आम्ही शोधायला बसलो.

त्या दुधाळ पाण्यात इन्सुलिनचे बारीक स्फटिक तरंगत असतात. ते तळाशी बसतात, म्हणून बाटली फिरवून सारखे करायचे. जोरात हलवली तर फेस होतो आणि सुईत माप चुकते. त्वचेखाली हे स्फटिक सावकाश विरघळतात, म्हणून असर बराच वेळ टिकतो. (पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे इन्सुलिन वेगळे, त्यात असे तरंगणारे स्फटिक नसतात.) इन्सुलिन म्हणजे एक प्रथिन. प्रथिनाचेही मिठासारखे स्फटिक होतात, हे आम्हाला तोवर माहीत नव्हते.

उर्दूत स्फटिकाला 'कलम' म्हणतात. कलमी शोरा हा शब्द त्यातलाच. वर्गात आम्ही दरवर्षी तुरटीचे कलम करतो. गरम पाण्यात तुरटी विरघळवायची, दोऱ्याला एक खडा बांधून आत सोडायचा आणि पेल्याला हात लावायचा नाही. दहा पेल्यांतले चार बिघडतात, पण तुरटी स्वस्त असते, पुन्हा करता येते.

प्रथिनाचे तसे नाही. त्याचा रेणू मोठा, मऊ आणि नाजूक. कोणत्या क्षारात, किती आंबट द्रावणात, किती थंडीत तो रांगेत बसेल, हे आधी सांगणारा नियम नाही. इन्सुलिनचेच बघा. १९२६ मध्ये अमेरिकेत जॉन एबल यांनी त्याचे स्फटिक मिळवले, पण ते खात्रीने मिळायला जस्ताचा अंश लागतो, हे १९३४ मध्ये डी. ए. स्कॉट यांनी दाखवले. जस्त! हे कोणाला सुचावे?

एवढा खटाटोप करायचा कारण एकट्या रेणूचे चित्र क्ष-किरणांना काढता येत नाही. स्फटिकात असंख्य रेणू एकाच तऱ्हेने उभे असतात. त्यांच्यावरून परतणाऱ्या किरणांच्या ठिपक्यांतून अणूंच्या जागा गणिताने काढता येतात. कुलूप आतून कसे आहे ते कळले, की औषधाची किल्ली घडवता येते. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण चित्र १९३५ च्या सुमारास घेतले आणि रचना उलगडली १९६९ मध्ये. त्यांच्या तेव्हाच्या चमूत आपल्या देशाचे एम. विजयन होते. पुढे त्यांनी बेंगळुरूला हेच शास्त्र रुजवले.

जुनी रीत हाताची. पातळ काचेवर प्रथिनाचा इवलासा थेंब ठेवायचा, त्यात क्षाराचे द्रावण मिसळायचे, मग काच उलटी करून त्याच द्रावणाच्या खळग्यावर ग्रीसने चिकटवायची. थेंबातले पाणी वाफेवाटे हळूहळू निघून जाते, थेंब दाटतो आणि नशीब असेल तर कलम धरते. एका वेळी दोन मायक्रोलिटर प्रथिन धरले तरी ९६ तऱ्हा करून पाहायला १९२ मायक्रोलिटर लागतात, म्हणजे औषधाच्या ड्रॉपरचे जेमतेम चार थेंब. ऐकायला काहीच नाही. पण अनेक प्रथिनांच्या बाबतीत तेवढे शुद्ध करायला आठवडेच्या आठवडे जातात. मग माणूस हात आखडता घेतो. वीस तऱ्हा करतो आणि थांबतो. एकविसावीत यश असले तर?

म्हणून थेंब लहान करायचा. मात्र लहान थेंब बघता बघता सुकतो, आणि माणसाच्या हाताला तेवढे माप धरता येत नाही. १९९० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील नाओमी चायेन, डेव्हिड ब्लो आणि सहकाऱ्यांनी यावर जी तोड सांगितली ती आम्हाला फार आवडली. संगणकाने चालणाऱ्या पिचकाऱ्यांनी एक-दोन मायक्रोलिटरचे थेंब तेलाखाली सोडायचे. लोणच्यावर तेलाचा थर ठेवतात ना, तसेच. पाणी आतच राहते.

पुढे यंत्रे शंभर नॅनोलिटरपर्यंत उतरली. तो थेंब खसखशीच्या दाण्याहूनही लहान. ड्रॉपरच्या एका थेंबातून असे पाचशे निघतात, आणि त्याच ९६ तऱ्हांना पूर्वीच्या विसाव्या हिश्शाइतके प्रथिन पुरते. अमेरिकेतील बफेलोच्या प्रयोगशाळेत तर एकाच ताटलीत १५३६ खळगे असतात.

यंत्राने माणसाची कारागिरी हिरावली, असे कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. यंत्राने माणसाला नापास व्हायची मुभा दिली. पंधराशे खळग्यांतले पंधराशे फसले तरी प्रथिन संपत नाही, आणि फसलेल्या प्रत्येकाचा फोटो कॅमेरा तारखेसह ठेवतो. पूर्वी अपयश वहीत राहायचे, नाहीतर कुठेच नाही. २०१८ मध्ये अशा सुमारे पाच लाख फोटोंवर संगणकाला स्फटिक ओळखायला शिकवले गेले.

नजर मात्र अजून माणसाचीच लागते. चमचमणारे सुंदर कलम दिसते, सगळे खूश होतात आणि निघते ते साधे मीठ! सुईने दाबले की मीठ कडकन तुटते, प्रथिन मऊपणे चुरते.

आणि कलम अगदीच बारीक, वेडेवाकडे आले तर? तर ते चुरून तो चुरा बी म्हणून नव्या थेंबांत घालतात. आता तेही यंत्र करते. हाताने करायची जुनी युक्ती अशी की मांजराची गळलेली मिशी त्या स्फटिकावरून फिरवायची आणि नव्या थेंबांतून ओढायची. मिशीला चिकटलेले कण बी होतात.

हे धाकट्याला सांगितल्यापासून तो आमच्या मनीच्या मागे आहे. तुरटीचा पेला खिडकीत तयार आहे, मिशी अजून गळलेली नाही.