वाळवंटातली बाकीची मंडळी

डेव्हिड लीनचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हटला की पीटर ओटूलचे निळे डोळे आणि क्षितिजावरून डुलत येणारा ओमर शरीफचा उंट, एवढेच बहुतेकांना आठवते. डिसेंबर १९६२ मध्ये लंडनला प्रथम झळकलेल्या या चित्रपटावर सुमारे दीड कोटी डॉलर खर्ची पडले. जॉर्डन, स्पेन आणि मोरोक्को पालथे घालून तो चित्रित झाला आणि सात ऑस्कर घेऊन मोकळा झाला. परंतु हा सारा डोलारा ज्याच्या खांद्यावर उभा केला, तो ओटूल तोवर पडद्यावर जवळजवळ नवखाच होता! एवढा मोठा जुगार लीनने कोणाच्या भरवशावर खेळावा? मला वाटते, याचे उत्तर श्रेयनामावलीच्या खालच्या ओळींत आहे.

क्लॉड रेन्सचेच पाहा. लॉरेन्सला वाळवंटात धाडणारा मुत्सद्दी ड्रायडन तो. सगळे आधीच ठाऊक असल्यासारखा तो मंद हसतो, हळूच एखादे वाक्य सोडतो, आणि आपला सौदा झाला हे समोरच्याला कळतही नाही. हा आवाज रेन्सला उपजत लाभलेला नव्हता. लंडनच्या गरीब वस्तीतल्या या पोराला 'र' नीट म्हणता येत नसे, आणि बोली तर अगदी गल्लीतली. लहान वयातच तो नाटकगृहात नोकरीला लागला. नटांना त्यांच्या प्रवेशाची वर्दी द्यावयाची, हे काम. तिथले सर हर्बर्ट बीरबोम ट्री हे नामांकित नट. त्यांनी पोराचे पाणी ओळखले आणि पदरचे पैसे खर्चून त्याला उच्चार शिकविले. (भाषेच्या मास्तराला ही गोष्ट विशेष भावावी यात नवल नाही.) पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूने त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ नेली. परतल्यावर तो लंडनच्या नाट्यविद्यालयात शिकवू लागला. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्याचे विद्यार्थी. चित्रपटात नाव झाले ते १९३३ साली, 'द इनव्हिजिबल मॅन'मुळे. तेही कसे, तर चेहरा शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही. सारे काम आवाजाचे! ड्रायडन रंगविताना रेन्सने सत्तरी ओलांडली होती. त्या मंद हसण्यामागे एवढे आयुष्य जमा होते.

जनरल ॲलनबी झालेल्या जॅक हॉकिन्सची कथा याच्या नेमकी उलट. पोरवयापासून रंगभूमीवर वावरलेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सैनिकांच्या करमणुकीचे खाते सांभाळलेल्या या नटाची खरी दौलत म्हणजे भारदस्त आवाज. १९६६ साली कर्करोगाने त्याचे स्वरयंत्रच काढावे लागले. तरी १९७३ साली मृत्यू येईपर्यंत तो कामे करीत राहिला. ओठ त्याचे, शब्द दुसऱ्याचे.

बाकीच्यांची धावती ओळख पुरे. कर्नल ब्रायटन झालेल्या अँथनी क्वेलने १९४८ ते १९५६ स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर नाट्यगृहाची धुरा वाहिली होती. पाचच मिनिटे दिसणारा तुर्की अंमलदार म्हणजे होजे फेरर. हा प्रिन्स्टनचा पदवीधर, आणि 'सिरानो'च्या भूमिकेसाठी ऑस्कर घेतलेला. आता पाच मिनिटांसाठी असा माणूस आणावयाचा, याला उधळपट्टी म्हणावे की शहाणपण? त्या प्रसंगानंतर लॉरेन्स पूर्वीचा उरत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे पैसे वसूल झाले असेच मी म्हणेन.

परंतु मला अधिक जवळचे वाटतात ते आपल्या बाजूचे दोघे. विहिरीवर गोळी खाणारा वाटाड्या तफास म्हणजे लायलपूरचा झिया मोहिउद्दीन. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन १९६० साली तिथल्याच रंगभूमीवर 'अ पॅसेज टु इंडिया'मधला डॉक्टर अझीझ त्याने गाजविला होता. (मूळ कादंबरीकार फॉर्स्टर हे एकेकाळी देवासच्या पवार महाराजांचे खाजगी चिटणीस, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) २०२३ साली तो वारला.

आणि दुसरा? आपला आय. एस. जोहर! 'एक थी लडकी' लिहिणारा, 'नास्तिक' दिग्दर्शित करणारा, 'फिल्मफेअर'मध्ये वाचकांच्या प्रश्नांना तिरकस उत्तरे देणारा. 'नॉर्थ वेस्ट फ्रंटियर'मध्ये १९५९ साली त्याने आगगाडीचा ड्रायव्हर केला, तोही हसवीतच. लीनने मात्र त्याला गासिम दिला. रात्री झोपेत उंटावरून पडलेला हा माणूस नेफूदच्या वाळवंटात एकटा चालतो, अंगावरचे ओझे एकेक टाकीत. संवाद जवळजवळ नाहीतच. लॉरेन्स जीव धोक्यात घालून मागे फिरतो, त्याला घेऊन येतो; आणि पुढे टोळ्यांमध्ये रक्तपात होऊ नये म्हणून त्याच गासिमला स्वतःच्या हाताने गोळ्या घालतो. नायकाच्या अधःपाताची पहिली पायरी ती. ओटूलच्या चेहऱ्याइतकीच ती जोहरच्या वर पाहणाऱ्या डोळ्यांतही आहे.

नंतर १९६५ साली जोहरने मेहमूदला घेऊन 'जोहर मेहमूद इन गोवा' काढला. १९७८ च्या 'डेथ ऑन द नाईल'मध्येही त्याला घेतले, ते बोटीवरच्या विनोदी व्यवस्थापकाच्या कामासाठी. १९८४ साली तो मुंबईत वारला. दुसरा गासिम काही त्याच्या वाट्याला आला नाही.