आकाश दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

गेल्या वेळी आपण प्रमाणांचा विचार केला. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं, असा तो विषय होता. आज तोच प्रश्न घेऊन वर्गाबाहेर, माळावर जाऊ. आजचा विषय आहे सार्वजनिक आकाशदर्शन. हौशी खगोलप्रेमींची मंडळं गावोगाव भाषणं ठेवतात, दुर्बिणी लावतात, रांगेतल्या माणसाला शनीची कडी दाखवतात, त्याबद्दल बोलायचं आहे. आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांचं तिथं काय काम? आमचं म्हणणं असं की सगळ्यात जास्त काम आमचंच आहे, कारण तिथला मूळ प्रश्न 'पाहणं म्हणजे काय' हाच आहे.

आधी थोडा इतिहास. मराठीत ही परंपरा जुनी आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे नाव आपल्याला 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या १८९६ च्या ग्रंथामुळे माहीत असतं. पण त्यांनी सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास' नावाचं एक पुस्तकही लिहिलं, आणि त्याला जोडनाव दिलं 'रात्रीची दोन घटका मौज'. हे नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत. पुढं २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते. स्वातंत्र्य मिळायला अजून तीन वर्षं होती, महायुद्ध चालू होतं, आणि पुण्यातली काही माणसं तारे पाहण्यासाठी संस्था काढत होती! त्यानंतर १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, आणि त्या लाटेत मुंबईचं खगोल मंडळ उभं राहिलं. शहरातला उजेड टाळण्यासाठी त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीला होत आले. यातले बहुतेक लोक नोकरी-धंदा सांभाळून हे करणारे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी कारखान्यात. आकाश हे त्यांच्या पोटापाण्याचं साधन नव्हतं, म्हणून आपण त्यांना 'हौशी' म्हणतो. या शब्दात कमीपणा काही नाही.

आता आपल्या सोलापूरचं पाहू. पाऊस कमी म्हणून आपण नेहमी तक्रार करतो, पण आकाश पाहणाऱ्याला हेच वरदान आहे. कोकणातल्या माणसापेक्षा आपल्याला निरभ्र रात्री जास्त मिळतात. दुसरं म्हणजे आपलं स्थान. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.७ अंश उत्तर. ध्रुवतारा ज्या गावातून पाहाल, त्या गावाच्या अक्षांशाइतक्याच उंचीवर तो जवळपास दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच. आता तोंड दक्षिणेकडे करा. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्तीचा तारा दक्षिणेला सर्वांत उंच येतो, तोही सुमारे दोन मुठी वर. इकडे दोन मुठींवर ध्रुव, तिकडे दोन मुठींवर अगस्ती. लंडनच्या माणसाला त्याच्या गावातून अगस्ती कधीच दिसत नाही. एप्रिलच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे इमारती नसतील, तर त्रिशंकूसुद्धा दिसतो. पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण दिल्लीला गेल्यावर ध्रुव जवळजवळ तीन मुठींवर गेलेला पाहिला, की ते पाठांतर राहत नाही, समज होते.

कार्यक्रम कसा चालतो ते आता सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा कळेल. तारीख ठरवताना आधी चंद्र पाहतात. तेजोमेघ, आकाशगंगा दाखवायच्या असतील तर अमावास्येच्या आसपासची रात्र. पहिल्यांदाच येणारे लोक, मुलंबाळं असतील तर शुद्ध सप्तमी-अष्टमी बरी, कारण अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेशी विवरांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. पौर्णिमेला चंद्र मोठा दिमाखदार, पण दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण सावल्याच नसतात. मग सूचना: मोबाइल खिशात ठेवा, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा. का? तर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोताने ती सवय क्षणात मोडते. आता हिशोब करा. एक घटका म्हणजे २४ मिनिटं. दीक्षितांच्या दोन घटकांपैकी पहिली घटका डोळे तयार होण्यातच जाते. मौज सुरू होते ती दुसऱ्या घटकेत. ज्याला पहिली घटका थांबवत नाही, त्याला दुसरी मिळत नाही.

आणखी एक गंमत आहे. एखादी अंधूक गोष्ट, समजा देवयानी दीर्घिका, थेट टक लावून पाहिली तर नाहीशी होते. जरा बाजूला पाहिलं की परत दिसते. कारण डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशी असतात, मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी आजूबाजूला असतात. म्हणून जुने निरीक्षक नवख्याला सांगतात, "तिच्याकडे बघू नका, शेजारी बघा."

इथं आम्हाला आपल्या शास्त्रकारांचा एक न्याय आठवतो. लग्नात नवऱ्या मुलीला अरुंधती दाखवतात, हे आपल्याला माहीत आहे. अरुंधती बारीक, एकदम सापडत नाही. म्हणून आधी सप्तर्षी दाखवायचे, मग त्यातला वसिष्ठ, आणि मग त्याच्याजवळचा तो छोटा तारा. याला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. वेदान्ती आचार्यांनी स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेण्याची रीत म्हणून तो वापरला. दुसरा शाखाचंद्रन्याय: "तो बघ, फांदीवर चंद्र." चंद्र फांदीवर नसतो हे सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही नंतर कळतं, पण नजर वळवायला फांदी उपयोगी पडते. आकाशदर्शनाला उभा असलेला कार्यकर्ता रात्रभर हेच दोन न्याय वापरत असतो. "पाण्याच्या टाकीच्या वर बघा, तीन तारे ओळीत, तो मृगाचा पट्टा. ती रेघ डावीकडे खाली वाढवा, तो व्याध." टाकी ही त्याची फांदी. गुरूचं कामही एवढंच, बोट दाखवायचं आणि बाजूला व्हायचं.

आता मुख्य प्रश्न. दुर्बिणीतून पाहिलेलं प्रत्यक्ष मानायचं का? हा प्रश्न खुळा नाही. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओला गुरूजवळ फिरणारे ठिपके दिसले. त्याच्याच विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे क्रेमोनिनी यांनी त्या नळीतून पाहायलाच नकार दिला, अशी नोंद आहे. आपण त्यांना हसतो. पण थोडं थांबा. काचेतून वस्तू वाकड्या दिसतात, रंगीत कडा दिसतात, हा तर रोजचा अनुभव. मग काचेवर विश्वास का ठेवायचा? नैयायिकाच्या भाषेत, इंद्रियाचा विषयाशी संबंध आला की प्रत्यक्ष. इथं तर मध्ये उपकरण आहे. शिवाय देवयानी दीर्घिकेचा जो प्रकाश आज डोळ्यात शिरतो, तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. मग आपण पाहतो ते आहे की होतं?

उत्तर एका माणसाकडून मिळत नाही. ते रांगेकडून मिळतं. हीच दुर्बीण दूरच्या मनोऱ्याकडे लावा, दिसतं ते जवळ जाऊन पडताळता येतं. म्हणजे उपकरणाची साक्ष तपासता येते. गुरूचे चार चंद्र आज एका बाजूला तीन आणि एका बाजूला एक असे दिसले, तर उद्या त्यांची जागा बदललेली असते. आज काढलेली चित्रं उद्याच्या चित्रांशी जुळवून पाहता येतात. पुण्याचा निरीक्षक आणि सोलापूरचा निरीक्षक एकमेकांना न विचारता तेच चित्र काढतात. क्रेमोनिनींची शंका वाईट नव्हती. शंका आल्यावर पुढची पायरी म्हणून डोळा लावायला हवा होता, तो त्यांनी लावला नाही. म्हणून आमचं म्हणणं, सार्वजनिक आकाशदर्शनात 'सार्वजनिक' हा शब्द 'आकाश' या शब्दाइतकाच महत्त्वाचा आहे.

फोनवर शनीचं याहून शंभरपट सुंदर चित्र मिळतं, मग रांगेत तासभर कशाला उभं राहायचं, असं तरुण मंडळी विचारतात. फोनवरचं चित्र हे शब्दप्रमाण आहे. कुणीतरी विश्वसनीय माणसानं सांगितलं म्हणून आपण मानतो. त्यात गैर काही नाही, आपलं निम्म्याहून जास्त ज्ञान असंच असतं. पण ज्यानं आयुष्यात एकदाही स्वतः डोळा लावून पडताळलं नाही, त्याला विश्वसनीय सांगणारा आणि थापा मारणारा यांत फरक करणं अवघड जातं. हल्ली हे चांगलंच जाणवतं.

ग्रहणाचं उदाहरण घ्या. १६ फेब्रुवारी १९८० ला कर्नाटक, आंध्र, ओरिसातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. आपल्याकडे ते खंडग्रास होतं, पण मोठं होतं. ज्यांना आठवतं त्यांना विचारा, देशभर भर दुपारी रस्ते ओस पडले होते. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहणं खरोखर धोक्याचं आहे. एक्स-रेची फिल्म, गॉगल चालत नाहीत. योग्य सौरचष्मा हवा, किंवा पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर प्रतिमा पाहावी. पण धोका पाहण्याच्या पद्धतीत आहे, ग्रहणाच्या सावलीत नाही. चंद्रग्रहणाला तर काहीच लागत नाही. गच्चीवर बसा आणि चंद्रावर चढणाऱ्या सावलीची कड पहा. ती नेहमी गोलाईचीच असते. ती आपल्या पृथ्वीची सावली, आणि पृथ्वी गोल आहे याचा हा पुरावा ॲरिस्टॉटलनं दिलेला आहे. आपल्या आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास ग्रहण म्हणजे सावली हे स्पष्ट लिहिलं. पंचांगकर्ता ग्रहणाची वेळ काढतो तेव्हा त्याच्या गणितात राहू म्हणजे चंद्राच्या आणि सूर्याच्या मार्गांचा छेदनबिंदू असतो. गिळणारा राक्षस त्या गणितात कुठंच येत नाही. घरातली आजी भिऊन सुनेला आत बसवते, तिच्याशी भांडू नका. तिला गच्चीवर खुर्ची टाकून द्या आणि शेजारी बसा.

आता जरा नाजूक विषय, आपल्या गड्ड्याच्या जत्रेचा. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीच्या दिवसांत असते, आणि संक्रांतीला सूर्य उत्तरेकडे वळतो असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच वळलेला असतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंवरून मोजलेल्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. साचून साचून सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस होतो. सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकत्र होते. शिवकाळात आजच्या कॅलेंडरनं संक्रांत ९-१० जानेवारीच्या आसपास यायची. आज ती १४ ला, कधी १५ ला येते.

हे पटवून घेण्यासाठी आमच्यावर विश्वास ठेवू नका. १० डिसेंबरपासून रोज गच्चीच्या एकाच कोपऱ्यातून सूर्य उगवताना पहा, आणि समोरच्या इमारतींच्या रेषेवर खूण करा. २१-२२ च्या आसपास ती खूण दक्षिणेकडे सरकायची थांबेल आणि परत फिरेल. यात्रेपर्यंत ती सूर्याच्या चार बिंबांइतकी उत्तरेला आलेली असेल. मग यात्रेची तारीख बदलायची का? मुळीच नाही. उत्सव कधी करायचा हा परंपरेचा प्रश्न आहे, तो समाज ठरवतो. सूर्य कधी वळतो हा पाहण्याचा प्रश्न आहे, तो सूर्य ठरवतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले, तर नंदीध्वजापुढं हात जोडणारा माणूस आणि गच्चीवर खूण करणारा माणूस एकच असू शकतो. घटनेच्या कलम ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ साली घातलं गेलं. त्याचा अर्थ आम्ही असाच लावतो.

शेवटी एक काळजी. नान्नजच्या बाजूला गेलं की अजून आकाशगंगेचा पट्टा दिसतो. शहरात तो दिसत नाही, आणि शहर दरवर्षी पसरतं आहे. रस्त्याला दिवे हवेतच. पण खाली उजेड पाडण्याऐवजी वर आकाशात सोडणारा दिवा हा निव्वळ विजेचा अपव्यय आहे. अंगणातल्या दिव्याला वरून झाकण लावणं आपल्या हातात आहे. ज्या मुलानं आकाशगंगा कधी पाहिलीच नाही, त्याला ती हरवली हे तरी कसं कळणार?

दुर्बीण नसली तरी अडत नाही. १० ते १२ मे च्या दरम्यान सोलापुरात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराच्या जरा आधी, बारा-वीस बारा-पंचवीसच्या सुमारास सपाट जमिनीवर एक तांब्या किंवा सरळ नळी उभी करा. सावली क्षणभर पायाखाली नाहीशी होते. घरातल्या मुलांना बोलवा, आणि कारण लगेच सांगू नका. त्यांना आधी पाहू द्या, विचारू द्या.

इतकंच सांगायचं होतं. काही शंका असतील तर आता घेऊ.